थांबलेले पर्पेच्युअल कॅलेंडर घड्याळ पुन्हा लावताना: क्रम, इशारे आणि नेहमीच्या चुका

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर या भागांत जुनी घड्याळे जमवणारी जी मंडळी माझ्या ओळखीची आहेत, त्यांच्या फोनचा मजकूर बहुधा ठरलेला असतो. घड्याळ वडिलांकडून आलेले किंवा आखातातून परतलेल्या नातलगाकडून घेतलेले असते. बरीच वर्षे कपाटात पडून असलेले हे घड्याळ दसऱ्याला बाहेर काढले, चावी दिली, ते सुरूही झाले. मग तारीख, वार आणि महिना जुळवण्याच्या घाईत कडेचे कुठलेसे बटण दाबले गेले आणि तारखेचा काटा दोन आकड्यांच्या मध्ये अडकून बसला. यंत्रात मुळात काही दोष नव्हता. दोष लावण्याच्या क्रमात होता.

महिना तिसाचा की एकतिसाचा, फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा की एकोणतीस, हे बॅटरीशिवाय आणि कोणी न सांगता ओळखणारे पर्पेच्युअल कॅलेंडरचे यंत्र मनगटावर मावते, याच गोष्टीपायी संग्राहक या घड्याळांवर आपली बचत ओततात. पण हे ओळखणे ज्या नाजूक भागांवर अवलंबून आहे, नेमके तेच भाग चुकीच्या वेळी दाबल्याने तुटतात. म्हणून खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करावेत आणि एखादा टप्पा अनावश्यक वाटला तरी तो वगळू नये.

१. आधी घड्याळाची जात ओळखावी

फसगत नावापासूनच सुरू होते. रोलेक्सच्या तबकडीवरचा 'पर्पेच्युअल' हा शब्द मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या रचनेसाठी आहे. त्याचा कॅलेंडरशी संबंध नाही. ओरिएंट या जपानी कंपनीच्या काही जुन्या घड्याळांत वर्षांचे आकडे आणि वारांचे कोष्टक दिसते, ते चकतीवर छापलेले कॅलेंडर असते. महिन्यासमोर वर्ष हाताने जुळवले की कोणत्या तारखेला कोणता वार येतो हे वाचता येते, एवढेच त्याचे काम. विकणारा मात्र या दोन्हींना बिनदिक्कत पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणतो, आणि घेणाराही मान डोलावतो.

तबकडीवर वार, तारीख, महिना आणि चंद्र असे चारही दिसले, तरी खात्री धरू नये. १९४० च्या दशकात स्विस कंपन्यांनी बनवलेल्या 'ट्रिपल डेट' प्रकारच्या घड्याळांत हे सगळे असते. पण ती प्रत्येक महिना ३१ दिवसांचा धरून चालतात. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर असे वर्षातून पाच वेळा त्यांची तारीख हाताने पुढे न्यावी लागते. ॲन्युअल कॅलेंडर हा पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९९६ मध्ये मनगटी घड्याळात आणलेला मधला प्रकार. त्याला ३० आणि ३१ मधला फरक कळतो, फक्त फेब्रुवारीअखेर मदत लागते.

खऱ्या पर्पेच्युअल कॅलेंडरची ओळख तबकडीखाली असते. एका घड्याळजींनी तबकडी उतरवलेले असे यंत्र मला एकदा आयग्लासमधून, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगातून, दाखवले होते. चार वर्षांत एक फेरी पूर्ण करणारे, नखाएवढे एक चाक त्यात होते आणि त्याच्या कडेवर ४८ महिन्यांचे चढउतार कोरलेले होते. ३१ दिवसांच्या २८ महिन्यांसाठी कड पूर्ण उंचीची, ३० दिवसांच्या १६ महिन्यांसाठी उथळ खाच, २८ दिवसांच्या तीन फेब्रुवारींसाठी खोल खाच आणि लीप वर्षातल्या एका फेब्रुवारीसाठी त्याहून जराशी कमी खोल खाच. ही शेवटची खाच इतरांपासून वेगळी आहे हे मला दाखवून दिल्यावरच कळले. महिना संपताना एका लांब तरफेचे टोक या कडेवर टेकते आणि ते किती आत गेले यावरून तारीख एक घर सरकणार, दोन, तीन की चार, हे ठरते. काही यंत्रांत ४८ ऐवजी १२ महिन्यांचेच चाक असते आणि फेब्रुवारीच्या जागी वर्षाला पाव फेरी फिरणारी एक छोटी चकती बसवलेली असते. हिशोब तोच.

घड्याळ अजून विकत घ्यायचे असेल तर याच टप्प्यावर केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, कडा पाहाव्यात. कॅलेंडर लावण्याची बटणे बहुतेक जुन्या घड्याळांत कडेला खोलगट बसवलेली असतात. त्यांना करेक्टर म्हणतात. त्या खळग्यांभोवती ओरखडे असतील, तर कोणीतरी सुई, टाचणी किंवा कंपासचे टोक वापरले आहे असे समजावे. असे ओरखडे तबकडीवरच्या डागापेक्षा मला अधिक काळजीचे वाटतात, कारण ज्याने बटण सुईने दाबले त्याने ते रात्रीच्या वेळीही दाबले असण्याची शक्यता मोठी असते. नव्याने रंगवलेली तबकडी आणि पॉलिश मारून गोल झालेल्या कडा यांमुळे किंमत उतरते; यंत्र चालण्यात त्यामुळे अडथळा येत नाही.

*तपासणी:* घड्याळात सेकंद काटा दर सेकंदाला टक्कन एक घर उडी मारत असेल तर ते बहुधा बॅटरीवरचे क्वार्ट्झ असते. त्याची लावण्याची पद्धत निराळी आहे. पुढचे टप्पे त्याला लागू होत नाहीत.

२. जागा, हवा आणि साधने

मराठवाड्यात हे काम कोणत्या दिवसांत करावे यालाही महत्त्व आहे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, म्हणून आपण खोलीत कूलर लावतो. कूलरची हवा थंड असली तरी ओली असते, आणि जुन्या घड्याळाची रबरी वॉशर कधीच कडक होऊन गेलेली असते. कूलरच्या झोतासमोर बसून करेक्टर दाबणे म्हणजे ती ओल केसमध्ये जायला वाट करून देणे होय. पावसाळ्यातही हेच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाऱ्याबरोबर काळ्या मातीचा फुफाटा घरभर होतो, तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्यात. माझा अनुभव असा की दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतची कोरडी, थंड सकाळ या कामासाठी सर्वांत बरी. उजेडही खिडकीतला असावा. वीज जाण्याचा भरवसा नाही आणि अर्धवट लावलेले घड्याळ अंधारात हातात धरून बसण्यात मजा नाही.

टेबलावर पांढरे सुती कापड अंथरावे आणि त्याला थोडी चुणी पाडून कड उंच करावी, म्हणजे घड्याळ घरंगळणार नाही. मोबाइल, स्पीकर आणि चुंबक लावलेले टॅबलेटचे कव्हर दुसऱ्या खोलीत ठेवावे. करेक्टर दाबण्यासाठी घड्याळासोबत मिळालेली मूळ पिन असेल तर उत्तम. नसेल तर दात कोरण्याची लाकडी काडी घेऊन तिचे अणकुचीदार टोक किंचित बोथट करून घ्यावे. लाकूड मोडते, केसला ओरखडा पाडत नाही. स्टीलची सुई, यू पिन किंवा सिमकार्डची पिन वापरू नये. सिमकार्डची पिन अगदी मापाची वाटते, आणि म्हणूनच बहुतेक ओरखडे तिचेच असतात.

कागद आणि पेन्सिल जवळ हवी. त्या दिवसाची तारीख, वार, महिना, वर्ष, लीप वर्षापासून कितवे वर्ष आणि मागची पौर्णिमा हे सुरुवातीलाच लिहून काढावे. हातात काडी धरून मनात मोजणी करणारा माणूस चुकतो, असे मी स्वतःवरून सांगतो.

*सावधान:* घड्याळाचे सर्व्हिसिंग होऊन बरीच वर्षे झाली असतील किंवा ते कधी झाले हे ठाऊक नसेल, तर इथेच थांबावे. आतले तेल वाळून गोंदासारखे झालेले असते. अशा घड्याळात वेळ कदाचित चालेल, पण कॅलेंडरच्या तरफेला वजन उचलवणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचे कुशल घड्याळजी यंत्राचे ठोके टायमिंग मशीनवर तपासून देतील, आणि ते अवश्य करून घ्यावे. कॅलेंडरची पाटी मात्र अशा यंत्रांवर काम केलेल्या माणसानेच उघडावी, मग त्यासाठी घड्याळ मुंबईला किंवा थेट कंपनीकडे पाठवावे लागले तरी चालेल. 'खोलून पाहतो' असे जो म्हणतो, त्याला खोलू देऊ नये.

३. चावी देणे आणि एक मध्यरात्र ओलांडणे

हाताने चावी द्यायच्या घड्याळाला सावकाश वीसेक फेरे द्यावेत आणि बोटाला विरोध जाणवला की थांबावे. ऑटोमॅटिक घड्याळालाही चावीनेच वीस फेरे द्यावेत. ते हलवून हलवून भरण्याचा प्रयत्न करू नये. त्यानंतर घड्याळ दहा-पंधरा मिनिटे तसेच चालू द्यावे.

आता सर्वांत जास्त चुका जिथे होतात ते ठिकाण येते. थांबलेले घड्याळ समजा अकरा वाजून वीस मिनिटे दाखवत आहे. हे सकाळचे अकरा आहेत की रात्रीचे, ते तबकडी सांगत नाही. काही घड्याळांत चोवीस तासांचा छोटा काटा असतो, बहुतेक जुन्यांत तो नसतो. रात्रीचे अकरा असतील, तर तारीख बदलणारी तरफ त्या वेळी अर्ध्या वाटेत, दातांच्या मध्ये शिरलेली असते. तेव्हाच कोणी तारखेचा करेक्टर दाबला, तर दोन बाजूंनी दोन बळे एकाच दातावर येतात. माझ्या हातून हे झाले आहे. अकरा वीस म्हणजे सकाळ असे मी गृहीत धरले आणि काडी दाबली. काडीखाली काहीतरी नेहमीपेक्षा कडक लागले, तरीही मी दाबत राहिलो, आणि तारखेचा काटा १७ व १८ च्या मध्ये जो उभा राहिला तो चार महिन्यांनी, दुरुस्तीहून परत आल्यावरच हलला. त्या चार महिन्यांपेक्षा, कडक लागल्यावरही दाबत राहिलो याचीच मला जास्त लाज वाटते.

म्हणून कोणतेही बटण दाबण्याआधी चावी ओढून काटे पुढे, फक्त पुढे, फिरवावेत आणि तारखेकडे लक्ष ठेवावे. बाराच्या आसपास तारीख बदलली, तर ती मध्यरात्र होती; बदलली नाही, तर ती दुपार होती आणि आणखी बारा तास फिरवावे लागतील. तारीख बदलल्यावर काटे सकाळी दहापर्यंत आणून थांबवावेत. ही वेळ मी मुद्दाम निवडतो. अनेक यंत्रांत तारीख बदलण्याची तयारी रात्री नऊच्या सुमारास सुरू होते आणि वार किंवा चंद्र पहाटेपर्यंत सरकत राहतो. रात्री आठ ते पहाटे चार हा पट्टा सगळ्याच जुन्या घड्याळांसाठी निषिद्ध मानावा. मूळ पुस्तिकेत याहून मोठा पट्टा दिला असेल तर तो पाळावा.

काटे मागे फिरवून वेळ वाचवू नये, निदान मध्यरात्रीच्या पलीकडे मागे तर कधीच जाऊ नये. पुढे आणि मागे दोन्हीकडे लावता येणारे पर्पेच्युअल कॅलेंडर १९९६ मध्ये घड्याळ-रचनाकार लुडविग ओएक्सलिन यांच्या रचनेतून युलिस नार्डिन या स्विस कंपनीने आणले. त्याआधीच्या घड्याळांना ही सवलत नाही. आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीच्या १९८५ च्या दा विंची घड्याळात कुर्ट क्लाउस यांनी सगळे कॅलेंडर एका चावीवर आणले, करेक्टरची कटकट संपवली. पण तेही फक्त पुढेच जाते. चुकून चार दिवस पुढे गेले, तर ते थांबवून ठेवावे आणि चार दिवस वाट पाहावी, हाच त्यावरचा शहाणा उपाय.

*तपासणी:* मध्यरात्र ओलांडताना तारीख आणि वार दोन्ही पूर्ण सरकले का? काटा आकड्याच्या नेमका समोर आहे का? तो अर्ध्यावर राहत असेल, तर पुढे जाऊ नये. घड्याळ सर्व्हिसिंगला द्यावे.

४. लीप वर्ष कुठे आहे ते शोधणे

तबकडीवर लीप वर्षाचा काटा किंवा खिडकी असेल, तर हा टप्पा पाच मिनिटांचा आहे. ती सोय सर्रास नसते. मनगटी घड्याळात लीप वर्ष दाखवण्याची पहिली रचना ओदमार पिगे या स्विस कंपनीच्या ५५१६ क्रमांकाच्या घड्याळात १९५५ मध्ये आली, आणि त्या घड्याळाचे नगही केवळ नऊ बनले. पाटेक फिलिपच्या १९६२ च्या ३४४८ मध्ये लीप वर्ष दिसत नाही. १९८१ च्या ३४५० मध्ये ते दिसते. ओदमार पिगेच्याच १९७८ च्या ५५४८ मध्ये पुन्हा ते नाही. म्हणजे बाहेरून मार्च दिसत असला, तरी तो चारपैकी कोणत्या वर्षाचा मार्च आहे हे यंत्रालाच ठाऊक असते, आणि ते त्याच्याकडून काढून घ्यावे लागते.

त्याची रीत अशी. काटे सकाळी दहावर ठेवूनच तारीख १ वर आणावी. मग महिन्याचा करेक्टर एकेक दाबून महिना फेब्रुवारीवर आणावा. तारीख २८ पर्यंत न्यावी. आता काडी बाजूला ठेवावी आणि काटे पुढे फिरवून मध्यरात्र ओलांडावी. २९ आली, तर हाच लीप फेब्रुवारी. थेट १ मार्च आला, तर हा साधा फेब्रुवारी होता. अशा वेळी काटे पुन्हा सकाळी दहापर्यंत पुढे आणावेत, महिन्याचा करेक्टर अकरा वेळा दाबून पुढचा फेब्रुवारी गाठावा आणि हीच परीक्षा घ्यावी. अगदी दैव वाईट असेल तर चौथ्या खेपेला २९ दिसते. काटे फिरवून फिरवून बोटे दुखतात, पण कॅलेंडर अठ्ठावीसवरून एकवर झेप घेते का, हे या निमित्ताने डोळ्यांनी पाहून होते. जुने घड्याळ विकत घेतलेल्या माणसाने ही झेप एकदा तरी पाहिलेली असावी, असे मला वाटते.

२९ दिसल्यावर आणखी एक मध्यरात्र ओलांडावी, म्हणजे १ मार्च येतो. कागदावर ठळक लिहावे: हा लीप वर्षाचा मार्च आहे. इथून पुढे महिने मोजण्याचा आधार हाच.

इथे होणारी नेहमीची चूक मोजणीची आहे. चार वर्षांच्या फेरीतले लीप वर्ष 'पहिले' की 'चौथे', याबद्दल वेगवेगळ्या घड्याळांवर वेगवेगळी खूण असते. बहुतेक ठिकाणी १, २, ३ आणि मग लीप वर्षासाठी ४ किंवा 'एल' असे अक्षर. लोक मात्र लीप वर्षालाच १ धरून मोजतात. त्याऐवजी सरळ असे लक्षात ठेवावे की २०२४ हे लीप वर्ष होते, म्हणून २०२५ ला १, २०२६ ला २, २०२७ ला ३ आणि २०२८ ला पुन्हा लीप.

*सावधान:* २१०० हे वर्ष चारने भाग जात असूनही लीप नाही. ही यंत्रे मात्र दर चौथे वर्ष लीप धरतात, म्हणून त्या वर्षी २८ फेब्रुवारीनंतर ती २९ दाखवतील. ज्यांच्या नातवंडांकडे घड्याळ जाणार आहे, त्यांनी चिठ्ठीत एवढी एक ओळ लिहून ठेवावी.

५. महिना, मग तारीख, मग वार

क्रम का महत्त्वाचा आहे, ते आधी सांगतो. तारीख महिनाअखेर ओलांडून पुढे नेली, तर यंत्र महिनाही एक घर सरकवते. तारीख आधी लावली आणि महिना मागून मोजत बसले, तर नकळत एक महिना जास्त होतो. आणि महिना मागे घेता येत नसल्यामुळे पुन्हा ४७ वेळा दाबणे नशिबी येते. म्हणून तारीख १ वर असताना महिना लावावा, मग तारीख पुढे न्यावी. १ पासून हव्या त्या तारखेपर्यंत जाताना महिन्याची सीमा वाटेत येतच नाही. वार आणि चंद्र शेवटी, कारण काही घड्याळांत तारखेचे बटण दाबल्यावर तेही सोबत सरकतात.

उदाहरण म्हणून शनिवार, १४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख लावायची आहे असे धरू. मागच्या टप्प्यात आपण लीप वर्षाच्या, म्हणजे २०२४ च्या, १ मार्चवर उभे आहोत. काटे सकाळी दहावर आहेत. मार्च २०२४ पासून मार्च २०२६ पर्यंत २४ महिने आणि तिथून नोव्हेंबरपर्यंत ८, असे एकूण ३२ दाब. कागदावर आठ-आठच्या चार ओळींत रेघा मारून ठेवाव्यात आणि प्रत्येक दाबाला एकेक रेघ खोडावी. दर आठ रेघांनंतर दिसणारा महिना ताडून पाहावा: पहिल्या आठनंतर नोव्हेंबर, सोळानंतर जुलै, चोवीसनंतर मार्च, बत्तीसनंतर पुन्हा नोव्हेंबर. मध्ये चुकले तर त्याच ओळीत सापडते. त्यानंतर तारखेचे १३ दाब दिले की १४ येते. मग वार शनिवारपर्यंत.

दाबण्याचीही एक ढब आहे. काडी सरळ उभी धरावी, बटण पूर्ण आत जाईपर्यंत एकाच संथ दाबाने न्यावे, आत 'टिक' जाणवली की सोडावे आणि बटण पूर्ण वर येईपर्यंत थांबावे. घाईघाईत अर्धवट दाब दिला, तर चाक अर्धे सरकते आणि काटा दोन आकड्यांच्या मध्ये राहतो. असे झाले तर लगेच जोर लावू नये. तोच दाब पुन्हा एकदा शांतपणे पूर्ण द्यावा. तरीही काटा जागेवर आला नाही, तर घड्याळ तसेच ठेवून मध्यरात्र आपोआप ओलांडू द्यावी. कित्येकदा रात्रीची तरफच त्याला जागेवर आणून बसवते. कोणते बटण कशाचे, हे सगळ्या घड्याळांत सारखे नसते. आठच्या बाजूचे बटण एकात तारखेचे तर दुसऱ्यात चंद्राचे असते. म्हणून पहिला दाब देताना नजर बटणावर न ठेवता तबकडीवर ठेवावी.

६. चंद्र आणि पंचांग

या टप्प्यावर आपल्याकडच्या माणसाला एक सोय आहे. आपले महिने अमावास्येला संपतात, म्हणून शुद्ध प्रतिपदेपासूनची तिथी आणि चंद्राचे वय हे जवळजवळ एकच असते. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र, पौर्णिमेला खिडकीच्या मध्यावर पूर्ण चंद्र, वद्य अष्टमीला पुन्हा अर्धा. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नुसते पाहिले तरी घड्याळातला चंद्र साधारण बरोबर आहे का ते कळते.

पण लावताना तिथ्या मोजू नयेत, आणि ही चूक मी मुरलेल्या संग्राहकांनाही करताना पाहिली आहे. तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी होते. घड्याळातली चकती मात्र दर मध्यरात्रीला एक दिवस, एवढेच जाणते. म्हणून पंचांगातून फक्त मागच्या पौर्णिमेची इंग्रजी तारीख घ्यावी आणि तिथून दिवस मोजावेत. आपल्या उदाहरणात २६ ऑक्टोबर २०२६ रोजी सकाळी पौर्णिमा पूर्ण होते. चंद्राचा करेक्टर दाबत पूर्ण चंद्र खिडकीच्या बरोबर मध्यावर आणावा आणि मग २६ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर असे १९ दाब द्यावेत. ९ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीत, अमावास्या होऊन गेलेली असल्यामुळे खिडकीच्या एका कडेने बारीक कोर डोकावू लागलेली दिसली पाहिजे. दिसत नसेल, तर मोजणी चुकली.

पूर्ण चंद्र नेमका मध्यावर कधी येतो, हे डोळ्यांना ठरवणे अवघड जाते. लागोपाठचे दोन दाब सारखेच दिसतात. अशा वेळी मध्याच्या जरा अलीकडून सुरुवात करून, चंद्राची कड डावीकडून आणि उजवीकडून सारख्या अंतरावर येईपर्यंत एकेक दाब द्यावा.

जुन्या घड्याळांतल्या चंद्राच्या चकतीवर दोन चंद्र रंगवलेले असतात आणि तिला बहुधा ५९ दात असतात, म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. प्रत्यक्षात हा काळ सुमारे २९.५३ दिवसांचा आहे. या फरकाने साधारण दोन वर्षे आठ महिन्यांत चंद्र एक दिवस पुढे जातो. तो एक दिवस मागे घेण्यासाठी काही करायला जाऊ नये. घड्याळ कधी ना कधी थांबणारच आहे, तेव्हा पुन्हा लावताना तो आपसूक दुरुस्त होतो. आणि अधिक महिना? २०२३ सारखे एखाद्या वर्षी दोन श्रावण आले, तरी घड्याळातल्या चंद्राला त्याचे सोयरसुतक नाही.

७. वेळ लावणे आणि पहिल्या काही रात्री

कॅलेंडर लावून झाल्यावरच खरी वेळ लावावी. सकाळ असेल तर काटे दहावरून थेट हव्या त्या वेळेला न्यावेत. काम लांबून संध्याकाळ झाली असेल, तर काटे दुपारचे बारा ओलांडून पुढे न्यावेत. दहा वाजून गेलेले नसताना काम उरकले, तर दहापर्यंत थांबणे हेच सोपे. या शेवटच्या वळणावर काटे चुकून बारा तास जास्त फिरवले, की घड्याळ दुपारी बाराला तारीख बदलू लागते. सगळे नीट लावल्यावरही 'घड्याळ भरदुपारी तारीख बदलते' अशी तक्रार येते, तिचे कारण हेच.

पहिल्या रात्री झोपण्याआधी आणि सकाळी उठल्यावर अशा दोन नोंदी कराव्यात. घड्याळ रात्री दहा ते एकच्या दरम्यान वारंवार थांबत असेल, तर ते यंत्र कॅलेंडरचे ओझे पेलण्याइतके सशक्त नाही, सर्व्हिसिंग हवेच. सर्वांत अवघड परीक्षा महिनाअखेरची, कारण त्या रात्री तरफेला एकाहून अधिक घरे उचलावी लागतात. आपल्या उदाहरणात ती ३० नोव्हेंबरला येते, अवघ्या सोळा दिवसांनी. त्या रात्री हाताने चावी द्यायचे घड्याळ असेल तर संध्याकाळीच पूर्ण चावी द्यावी, आणि सकाळी १ डिसेंबर दिसतो का ते पाहावे.

पुढे कधी घड्याळ थांबले, तर पहिल्यापासून सगळे करण्याची गरज नसते. दोन-तीन दिवसच थांबले असेल, तर बटणांना हात न लावता नुसते काटे पुढे फिरवून दिवस भरून काढावेत. हा सर्वांत निर्धोक मार्ग. आठ-दहा दिवस झाले असतील आणि मध्ये महिनाअखेर आलेली नसेल, तर तिसऱ्या टप्प्याप्रमाणे काटे सकाळी दहावर आणावेत. त्यासाठी एखादी मध्यरात्र ओलांडली गेली असेल तर ती एकूण दिवसांतून वजा करावी, आणि उरलेल्या दिवसांइतके दाब तारीख, वार आणि चंद्र यांना द्यावेत. महिनाअखेर मध्ये येत असेल, तर ती सीमा काट्यांनीच ओलांडावी, करेक्टरने नाही.

ऑटोमॅटिक घड्याळ सतत फिरते ठेवणारी पेटी घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. वीज सारखी जाणाऱ्या गावात तिचा भरवसा नाही, आणि जुन्या यंत्राची झीज विनाकारण होते; मी ती वापरत नाही. घड्याळ कोरड्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावे आणि डबीत एक चिठ्ठी घालावी. थांबलेली तारीख घड्याळावर दिसतेच. चिठ्ठीत ती तारीख कोणत्या वर्षाची आहे आणि ते लीप वर्षानंतरचे कितवे, एवढे लिहिले, की पुढच्या खेपेला चौथ्या टप्प्यातली सगळी बोटमोड वाचते. माझ्या डबीतल्या सध्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिले आहे: '२०२६, लीपनंतर दुसरे, चंद्र पौर्णिमेपासून मोजला.'